आमची घाणी

आमची घाणी साडेचार वर्षं जगली, आणि त्यातला बराचसा काळ तिचं नाक वाहत होतं. घाणी म्हणजे तेलाची नव्हे. घाण या शब्दाचं ते लाडाचं रूप. माझ्या थोरल्या भावाची, दादाची मुलगी. बारशाला तिला एक छानसं नाव ठेवलेलं, पण ते पाळण्यातच राहिलं. हाक मारायची ती घाणी अशीच.

परवा एका मुंजीत पंगतीला बसलो असताना नात्यातल्या एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. डोळे मिटून म्हणाल्या, "तुमच्या घरची ती छोटी आठवते हो. काय गोड पोर. देवालासुद्धा फुलंच आवडतात." माझ्या तोंडात जिलबीचा घास होता. तो मला गिळवेना. मेलेल्या मुलांच्या आठवणींना लोक असा पाक का चढवतात, कळत नाही. मुंग्या लागतील अशाने. त्या बाईंनी घाणीला एकदाच पाहिलं होतं, आणि त्या एकदात घाणीने त्यांच्या नव्या इरकलीला नाक पुसलं होतं. ते त्या सोयीस्करपणे विसरल्या.

फूलबिल काही नव्हती ती. भिंतीचा चुना खायची. चुलीतल्या राखेत बोट बुडवून चोखायची. अर्धे चावलेले पोहे तोंडातून काढून माझ्या तळहातावर ठेवायची आणि बजावायची, "सांभाळ. मी येते." आणि मी, एरवी दुसऱ्याच्या भांड्यातलं पाणीही न पिणारा माणूस, तो ओला गोळा घेऊन अंगणात उभा राहायचो. एकदा मेलेला बेडूक तिने माझ्या टोपीत निजवला होता. मी ती टोपी घालून कल्याणला जाऊन आलो. वास येत होता, पण मला वाटलं कल्याणच्या खाडीचा येतोय.

हे नाव तिला का पडलं, ते सांगायला हवं. दादा-वहिनीची पहिली दोन मुलं वर्षाच्या आतच गेली होती. तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहायला आलेलो. स्वातंत्र्य नुकतं मिळालं होतं, साखर रेशनवर होती, आणि डोंबिवलीत आमची एक बैठी चाळ, दोन-चार बंगले आणि बाकी भातशेती. वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले तशी आमची आत्या कल्याणहून येऊन बसली. आत्या म्हणजे घरातलं सर्वोच्च न्यायालय. तिने निकाल दिला: मूल जन्मलं की ते उकिरड्यावर टाकायचं. जिची सगळी पोरं जगली आहेत अशा बाईने ते उचलून आणून द्यायचं. म्हणजे मूल आपलं नाही, केरात सापडलेलं, असं देवाला वाटतं. आणि पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत कोणी त्याला चांगलं म्हणायचं नाही. गोड, गुणी, शहाणं, सुंदर, काही नाही. दिसलं की तोंड वाकडं करून 'शी' म्हणायचं.

"पण देव एवढा खुळा आहे का?" दादाने विचारलं.

"दोनदा शहाणपणा करून बघितलास ना?" आत्या म्हणाली.

उचलून आणण्यासाठी शेजारच्या खोलीतली बाई ठरली. तिची सहाही पोरं जिवंत होती आणि त्याचा पुरावा दिवसभर ऐकू यायचा. मूल नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटून घरीच होतो. सुपात जुनेऱ्यावर घाणी. तेव्हा ती बाराच दिवसांची, लालबुंद, मिटल्या मुठींची. चाळीच्या मागे गेलो तर तिथे दोन उकिरडे. एक आमच्या चाळीचा: चहाचा चोथा, माशा घोंगावणारी सालं, आणि आणखी काय काय, ते लिहवत नाही. दुसरा बांधापलीकडे, गावातल्या एका जुन्या शेतकरी घराचा: वाळलेलं शेण, वर पेंढा, सकाळचं ऊन. मी मूळचाच किळसवाणा, म्हणजे मला किळस फार येते. आमच्या उकिरड्यावर मांजर टाकायची माझी हिंमत नव्हती, पोर कुठलं टाकतोय. सूप पलीकडच्या पेंढ्यावर ठेवलं, आणि ठेवणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं म्हणून कोपऱ्यावर जाऊन विडी ओढली.

परत आलो तर शेजारची बाई आमच्या उकिरड्यापाशी रिकाम्या हाताने उभी. "अहो, मूल कुठंय?" पेंढ्यावर सूपही नव्हतं.

पलीकडच्या अंगणात त्या घरातली म्हातारी पाय पसरून बसली होती. मांडीवर घाणी, आणि म्हातारी तिच्या टाळूवर तेल घालत होती.

"आजी, ती आमची आहे," मी म्हणालो.

"तुमची कशी? आमचे उकिरड्यान गावली. गावली ती आमची."

"अहो, चुकून ठेवली."

"पोर कोन चुकून ठेवतं रं? भांडं हाय का ता?"

मी आत्याला बोलावून आणलं. आत्याने रीत सांगितली, म्हातारीला ती आमच्यापेक्षा जास्त पाठ होती. सापडलेलं मूल हवं असेल तर आईकडच्यांनी पदर पसरून मागायचं, आणि मूल उचलणारीचं राहतं, सांभाळायला फक्त आपल्याकडे. आत्या विहिरीवर कोणाची घागर आपल्या घागरीला लागली तरी ती पुन्हा घासणारी. तिने त्या शेणाने सारवलेल्या अंगणात उभं राहून पदर पसरला. म्हातारीने पोर पदरात घातलं आणि अट सांगितली, "दर सनाला मना दावायला आनायची." आत्या घरी आली आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. मला अजून त्या पाण्याची आठवण झाली की ढवळून येतं. ज्या हातांनी पोर जगणार अशी खात्री, त्याच हातांचा विटाळ. पुढे चार वर्षं माझ्यावर आत्याचा एकच राग होता, की उकिरडासुद्धा मला धड ओळखता येत नाही.

पोर मात्र तगलं. आणि आमच्या घराचा शिव्यांचा कारखाना झाला. दादा ठाण्याच्या कचेरीतून संध्याकाळी आला की चपला काढता काढता म्हणायचा, "शी, कसलं हे ध्यान." ध्यान धावत जाऊन त्याच्या गुडघ्याला मिठी मारायचं. पाहुणे आले की दारातच त्यांना कानमंत्र. काही जण बिचारे घसा खाकरून "वा, काय भिकार मुलगी आहे" असं म्हणायचे. मी तर त्यात प्रावीण्यच मिळवलं. गटारातली गोगलगाय, कुबट गोधडी, नासकं दूध. रोज नवीन. घाणी हसत हसत जमिनीवर लोळायची आणि म्हणायची, "अजून." मॅट्रिकला मराठीत नापास झालेला मी, माझ्या भाषेवर एवढं प्रेम पुढे कोणी केलं नाही.

दर सणाला मी तिला बांधापलीकडे न्यायचो. म्हातारी तिला सुकट भाकरी भरवायची. घरी येताना आम्हा दोघांच्याही तोंडाला वास. "तोंड उघडायचं नाही," मी सांगायचो. घाणी घरात शिरून पहिलं काम करायची ते वहिनीच्या नाकासमोर तोंड उघडायचं.

वहिनीला शिव्या कधी जमल्या नाहीत. तिचं सगळं बळ 'वेडी' आणि 'पसारा' इथपर्यंत. आत्या डोळे वटारायची तेव्हा ती 'घाणी' म्हणायची, तेही असं, की ऐकणाऱ्याला वाटावं केशर घातलंय. एकदा अंगणात घाणीचे केस विंचरताना तिचा हात मध्येच थांबला. मी पायरीवर बसलो होतो.

"भाऊजी, चांगलं बोलायची सवय जाते का हो?"

"माझी कुठे होती?" मी म्हणालो.

"पाच पूर्ण झाली ना, की मी तिला एकदा समोर बसवणार आहे. आणि सगळं सांगणार आहे."

"काय सगळं?"

"साठवलंय ते," ती म्हणाली आणि पुन्हा विंचरायला लागली. त्या घरात दुसऱ्या कोणाला कसली घाई नव्हती. तिला त्या पाचव्या वाढदिवसाची होती.

मधल्या काळात माझ्या नोकरीचं बघणं चाललं होतं. दादाने ठाण्यात कोणाकडे तरी शब्द टाकला आणि एका कचेरीतल्या हेडक्लार्कने मला भेटायला बोलावलं. मी विचार केला, चार वर्षांची पोर बरोबर असली की माणूस विरघळतो. हे माझे विचार. तांब्यात निखारे घालून तिच्या झग्याला इस्त्री केली, नाक शेवटचं पुसलं आणि ठाण्याला उतरलो.

हेडक्लार्क जाडे होते, तपकीर ओढायचे, आणि खरोखरच विरघळले. "ये बाळ," म्हणाले. घाणीला त्यांची जाड बोटं फार आवडली असावीत. ती मांडीवर चढली. दोन्ही हातांत त्यांचे गाल धरले, तपकिरीने माखलेल्या मिशांकडे मन भरून पाहिलं आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "शी. किती घाणेरडा आहे हा काका. नासका."

सगळे कारकून कागदांत शिरले.

"घरी हेच शिकवता?" हेडक्लार्क म्हणाले.

"साहेब, आमच्याकडे हे प्रेमाने म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. मी सुद्धा म्हणतो."

"मला म्हणाल?"

"छे साहेब, आपली तेवढी ओळख कुठे झालीय अजून."

नोकरी अर्थातच दुसऱ्याला मिळाली. मला कल्याणच्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागावं लागलं. घाणी मात्र परतीच्या वाटेवर तळ्याच्या काठाने चालताना पुन्हा पुन्हा विचारत होती, की नासक्या काकाकडे परत कधी जायचं.

तिचा पाचवा वाढदिवस यायला काही महिने होते, तेव्हा तिला ताप आला. आधी वाटलं उन्हाचा, मग उतरेचना. कल्याणहून डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि मुदतीचा ताप आहे म्हणाले. रंगीत औषधाची बाटली, पाणी उकळून द्या, आणि वाट बघा. आत्या दुसऱ्या दिवशी हजर.

त्या दिवसांचा वास माझ्या नाकातून गेलेला नाही. मीठ, मोहऱ्या, मिरच्या, कोणाकोणाच्या उंबऱ्यावरची माती, केसांची गुंतवळ, सगळं आत्या निखाऱ्यावर टाकायची. खोलीत धूर कोंडायचा. पोर खोकून खोकून निळी पडायची आणि आत्या म्हणायची, "बघ, ठसका लागला की नाही. म्हणजे दृष्ट होती." मी खिडकी उघडायचो, ती लावायची. मग चौकशी सुरू. कोणी हिला चांगलं म्हटलं? शेजारणीला विचारलं, तिच्या सहाही पोरांना विचारलं, दूधवाल्याला विचारलं. दूधवाला घाबरून म्हणाला, "मी तर कधी बघितलीपण नाय." मला तर तीनदा विचारलं. मी म्हणालो, "आत्या, मी तिला गोगलगाय म्हणतो. त्याच्या खाली आता काय म्हणू?" एक पोर समोर वाळत चाललंय आणि हे घर शब्दांची झडती घेतंय. मला आत्याची किळस आली. दादाची आली, तो मान खाली घालून ऐकत होता म्हणून. आणि मीही मनातल्या मनात आठवून बघत होतो, आपण कधी चुकून काही बोललो का ते, म्हणून माझीही आली.

एका दुपारी आत्या जेवून आडवी झाली होती. दादा कचेरीत. मी दाराशी बसून बर्फाचा तुकडा फडक्यात फोडत होतो. वहिनी घाणीच्या उशाशी बसली होती. तिने एकदा आत्याकडे बघितलं, आणि मग वाकून अगदी हळू बोलायला लागली.

"माझी सोनी," ती म्हणाली. "किती सुंदर आहेस तू. तुझ्यासारखी शहाणी कोणी नाही. गुणाची बाळ माझी."

माझा हात थांबला. पाच पूर्ण व्हायची वाट तिने सोडून दिली होती, हे मला कळलं. त्याहून जास्त जे कळायचं तेही कळलं.

घाणीने डोळे उघडले. वहिनीकडे बघत राहिली. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. रडायलाही अंगात जोर नव्हता, नुसता आवाज.

"काय झालं बाळा? दुखतंय?"

"अशी नको बोलू."

"का गं?"

"मी काय पाहुण्यांची आहे?"

वहिनीला समजेना. मला समजलं. त्या घरात गोड बोलणं फक्त परक्यांच्या पोरांशी व्हायचं. शेजारची पोरं आली की शहाणा, पाहुण्यांची आली की गुणी बाळ, घे हो खाऊ. मग ती पोरं आपापल्या घरी निघून जायची. शिव्या खाऊन जे मागे राहायचं, ते आमचं.

"मी नाही जाणार," घाणी म्हणाली. "मी तुमचीच आहे."

वहिनीने तिला उचलून छातीशी धरलं. साडेचार वर्षं साठवलेलं सगळं तिने गिळलं. ते गिळताना मी बघितलंय, दुसऱ्या कोणी बघितलं नाही. "जा कुठे जातेस," ती म्हणाली. "घाणेरडी कुठली. नाक बघ तुझं. शी." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला ती शिवी नीट जमली. घाणीचं रडणं थांबलं. तिने वहिनीच्या पदराला नाक पुसलं आणि झोपली.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

मग गोडबोल्यांची रांग लागली. इतकी वर्षं तोंडं दाबून धरलेली, आता मोकळी झाली. काय डोळे होते. काय चुणचुणीत. लक्ष्मी होती लक्ष्मी. देवाघरचं लेणं. एकीने तर तिला श्लोक येत होते असं सांगितलं. तिला सुकटीचे पाच प्रकार येत होते. मी मोरीपाशी जाऊन उभा राहायचो, कारण ओकारी आलीच तर जवळ बरं. बांधापलीकडची म्हातारी तेवढी काही बोलली नाही. आली, भिंतीला टेकून बसली, उठून गेली.

आत्याने सगळ्यांसमोर पुन्हा तोच प्रश्न काढला. "कोणीतरी बोललं असणार. त्याशिवाय नाही."

"मी बोलले," वहिनी म्हणाली.

आत्याने मान डोलावली. दुःखात होती तीही, नाही कशाला म्हणू, पण हिशोब जुळल्यावर माणूस डोलावतो तशी डोलावली. "मग तूच गं बाई," एवढंच म्हणाली.

ताप वहिनी बोलण्याच्या दहा दिवस आधी आला होता, हे मला ओरडून सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आत्या, तू अतिशय गोड आहेस." का ते माहीत नाही. त्या क्षणी मला त्याहून घाणेरडी शिवी सुचली नाही. दादाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. आत्याला वाटलं माझं डोकं फिरलं, आणि तिने माझीही दृष्ट काढली.

दोनेक वर्षांनी वहिनीला मुलगा झाला. आत्या कल्याणहून आली तेव्हा तिचे गुडघे गेले होते, तरी आली.

"आत्या, जेवून जा," वहिनी म्हणाली. "पण हा उकिरड्यावर जाणार नाही. आणि याला मी काय म्हणायचं ते मीच ठरवणार."

"आणि मग काही झालं तर?"

"तर मी बोललेलं त्याने ऐकलेलं असेल."

त्या दिवसापासून ती जी बोलायला लागली ती थांबली नाही. राजा, चंद्र, हिरा, माणिक. सकाळी त्याला न्हाऊ घालताना चालू व्हायची ते अख्ख्या चाळीला ऐकू जायचं. आत्या कानावर हात ठेवायची. दादा हसायचा. मी छापखान्यातून थकून यायचो आणि दारातच तो पाक अंगावर सांडायचा. एवढं गोड कोणी बोलतं का, मी स्वतःशी म्हणायचो, एवढं गोड ऐकून पोर टिकणार कसं.

हो, म्हणायचो. आत्याच्या धुराची किळस येणारा, विटाळाच्या पाण्याने ढवळणारा, सुधारक मी. वहिनी पाणी आणायला विहिरीवर गेली की मी पाळण्यापाशी जायचो, इकडेतिकडे बघायचो आणि वाकून पुटपुटायचो, "शी. कुबट. नासका." तो माझ्याकडे गंभीरपणे बघत राहायचा. त्याला या भाषेची गोडी कधी लागली नाही.

एकदा वहिनी लवकर परतली. कमरेवर कळशी, दारात उभी. मी पाळण्याची दोरी हातात घेऊन काहीतरी गुणगुणल्यासारखं केलं. तिने कळशी खाली ठेवली, पदराने हात पुसले.

"रोज म्हणता?" तिने विचारलं.

"अधूनमधून."

ती चुलीकडे वळली. फुंकणीने जाळ केला.

"त्याला ऐकू जाईल असं म्हणू नका," ती म्हणाली. "बाकी चालू द्या."